तांबडीचे एकवीस दिवस

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. सातवीत 'माझा आवडता ऋतू' या निबंधाची सुरुवात मी 'माझी आवडती ऋतू' अशी केली होती, आणि बाईंनी त्याखाली इतक्या जोरात लाल रेघ मारली की ती मागच्या पानावर उमटली. त्यानंतर मराठीत चार ओळींच्या वर काही लिहिलं नाही. पण या वर्षी मराठी विभागाची संपादिका नेमकी माझी रूममेट निघाली. तिने सरळ सांगितलं, "लेख दे, नाहीतर माझी इलेक्ट्रिक किटली परत दे." हॉस्टेलवर राहणाऱ्यांना किटलीचं महत्त्व मी काय सांगणार? तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

तर, ऋतू. आमच्या शाळेच्या इंग्लिश रीडरमध्ये 'स्प्रिंग' असायचा. त्यात डॅफोडिल्स, पिवळी गुबगुबीत पिल्लं आणि टोपलीत बसलेली मांजरं. मला वाटायचं, हे सगळं परदेशात होतं. आपल्याकडे हिवाळा संपला की थेट सबमिशन लागतं! वसंत नावाचे फक्त काका असतात. २०२५ च्या मार्चमध्ये मी तेरा दिवस आजीकडे राहिले आणि माझी ही समजूत गेली. माझी स्वतःबद्दलची पण एक समजूत गेली. ती जास्त महत्त्वाची.

आजी सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मधे तुळस, मागीलदारी न्हाणीघर आणि विहीर. विहिरीच्या पाण्यावर पाच-सहा माड, पोफळी आणि भाजीचे वाफे. घराच्या वरच्या अंगाला काजूची बाग, आणि सगळ्याच्या भोवती दगडी गडगा. या राज्यात आजीशिवाय एक मांजर (मनी) आणि कोंबड्या.

कोंबड्या तीनच राहिल्या होत्या. आदल्या उन्हाळ्यात मानमोडी आली. पुस्तकात या रोगाला 'राणीखेत' म्हणतात, कारण आपल्या देशात तो आताच्या उत्तराखंडातल्या राणीखेतला ओळखला गेला. आजीला राणीखेतशी काय करायचंय? तिच्या बावीस कोंबड्यांपैकी एकोणीस चार दिवसांत माना वाकड्या करून गेल्या, एवढंच तिला माहीत. उरल्या त्यांच्यात तांबडी ही तिची सगळ्यात लाडकी. ८ मार्चला तांबडी खुडूक बसली आणि आजीने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. (खुडूक हे कोंबडीचं नाव नाही. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात. मला हे विसाव्या वर्षी कळलं.)

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं ती ऑपरेशन टाळत होती. कारण एकच : "माझ्या कोंबड्यांका कोण बघतलो?" बाबा फोनवर ओरडायचे, ती ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "जेवलंस काय?" शेवटी कशीबशी तयार झाली, आणि तांबडी बसल्यानंतर चौथ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला, १९ मार्चची तारीख मिळाली. आजी म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू. बाबा बँकेत, म्हणजे मार्चएंड. आईच्या शाळेत परीक्षा. उरले कोण? तर मी.

क्लास टीचरकडे रजेचा अर्ज नेला, 'आजीच्या ऑपरेशनसाठी'. सरांनी चष्म्यावरून बघितलं. आमच्या वर्गात सेमिस्टरला सरासरी सहा आज्या आजारी पडतात आणि दोन जातात. मी म्हटलं, "सर, या वेळी खरी आहे." वर्ग हसला. सरांनी सही केली.

सोमवारी सकाळी कुडाळला कोकणकन्येतून उतरले. शिमगा नुकताच होऊन गेला होता. घरी पोचल्यावर पहिली जाणीव झाली ती वासाची. काजूची बोंडं झाडाखाली पडून आंबतात, त्यांचा एक गोड-तुरट, जरा दारूसारखा वास. त्यात सुरंगीचा वास. सुरंगी आपल्याकडे फार जणांना माहीत नसेल. झाडाच्या खोडाला, फांद्यांना चिकटून कळ्या येतात, त्या उमलायच्या आत पहाटेच काढायच्या आणि त्यांचे वळेसार करायचे. वेंगुर्ल्याकडे या दिवसांत बायका ते बाजारात विकायला बसतात. आजीने एक माझ्या केसांत माळला आणि तसाच माझा हात धरून मागीलदारी नेलं. दोन पावलांवरची खुर्ची तिला दिसली नाही, पण खुराड्याच्या कडीवर हात बरोबर पडला.

दोन दिवसांत माझं ट्रेनिंग झालं. लाल माठाला आणि मुळ्याला सकाळी पाणी, मिरचीला संध्याकाळी. वाफ्यांभोवतीचं झावळ्यांचं कुंपण रोज बघायचं, कारण कोंबड्या एका भोकातून आत जातात आणि पाच मिनिटांत वाफा उकरतात. काजूची बोंडं गोळा करून बी पिळून वेगळी करायची. बीच्या सालीत तेल असतं, ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं. माझ्या उजव्या अंगठ्यावर खूण अजून आहे. काजू इथला नाहीच मुळी, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आणि आजीच्या बागेतली कलमं 'वेंगुर्ला ४' जातीची, म्हणजे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेली. आजीला हे सगळं पाठ होतं. फक्त पोर्तुगीजांना ती 'फिरंगी' म्हणते.

आणि मग तांबडी. न्हाणीघराला लागून एक अंधारी खोली होती, तिथे एका टोपलीत भाताच्या पेंढ्यावर ती बसायची. डोळे अर्धवट, पिसं फुलवलेली. हात जवळ नेला की फिस्स! एकवीस दिवस ती अशीच बसते. दिवसातून एकदा, दुपारी, पंधरा-वीस मिनिटं उठते. दाणे, पाणी, मातीत लोळणं, परत टोपलीत. बसल्या बसल्या ती चोचीने अंडी फिरवते, नाहीतर आतलं पिल्लू एका बाजूला चिकटून मरतं. मी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघितलं. आत लाल रेषांचं जाळं, आणि मधे काहीतरी हललं! मी इतकी दचकले की अंडं पडता पडता वाचलं. अकरापैकी दोन कोरी निघाली, ती काढून टाकली. राहिली नऊ.

आजीने सांगितलं, बाजारातली अंडी देणारी पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते आणि गावठी कोंबडी साठ-सत्तर. कारण गावठी मधेच खुडूक बसते. माणसाने पांढरीची ती सवयच निवडून निवडून काढून टाकली. मी म्हटलं, मग फायदाच झाला की. आजी म्हणाली, "फायदो झालो. पण पिल्लांका मशीन लागता."

माझ्यासाठी नियम एकच होता. तांबडी उठली की तिच्यापाशी उभं राहायचं. वरून घार, खालून मुंगूस. आणि ती परत बसली की खोलीच्या दाराची कडी लावायची.

बुधवारी ऑपरेशन झालं. शेजारच्या काकींच्या मुलाच्या रिक्षातून गेलो, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा गॉगल लावून परत आलो. आजी गॉगलमध्ये अगदी साउथच्या पिक्चरमधल्या डॉनसारखी दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं : वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दर चार तासांनी थेंब. सुरुवातीला धूसर दिसेल, आठवड्याभरात साफ होईल. न्हाणीघरात पाण्याची चूल असल्यामुळे तो सगळा भाग आजीला बंद. ती पुढच्या पडवीत खाटेवर बसून ऑर्डरी सोडायची आणि मी पळायचे.

याच दरम्यान मनी व्यायली. तीन पिल्लं. पहिल्यांदा माळ्यावर, मग तांदळाच्या कणगीमागे, मग माझ्या सॅकमध्ये, जर्नल्सच्या वर. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, मनीने एकाच घरात सात घरं केली.

आता मुख्य गोष्ट सांगते. खरं तर ती टाळायला मी एवढा वेळ ऋतुवर्णन करत होते.

शनिवार, २२ मार्च. तांबडीचा चौदावा दिवस. दुपारी दोनच्या सुमाराला ती उठली, मी तिला मागीलदारी सोडलं. आजी पडवीत झोपली होती. त्या दिवशी इंटर्नशिपची लिस्ट लागणार होती. घरात रेंज नाही, वरच्या काजूत, एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. मी विचार केला, दोन मिनिटं. वर गेले. लिस्ट उघडायला पाच मिनिटं लागली. माझं नाव नव्हतं. मग कोणाकोणाचं आहे ते बघितलं. मग ग्रुपवर कोण काय म्हणतंय ते. मग त्या दगडावर नुसतीच बसून राहिले. खालून एकदा कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं. ऐकलं, पण उठले नाही. हे मला नीट आठवतंय. उठले नाही.

खाली आले तेव्हा पाऊण तास झाला होता. तांबडी नव्हती. विहिरीमागे पिसं पडली होती आणि पिसांची एक ओळ गडग्यापर्यंत जाऊन दगडांमध्ये संपत होती. खोलीत नऊ अंडी. हात लावला तर गारही नाही, गरमही नाही.

आजी पडवीत उठून बसली होती. तिने विचारलं, "बसली काय गो तांबडी?"

मी म्हणाले, "हो आजी. बसली."

का म्हणाले? त्या क्षणी वाटलं, ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का देऊ नये. हे कारण छान होतं. मी ते स्वतःला चार दिवस सांगितलं.

मग इंजिनिअर जागा झाला. मासेवाल्याने टाकलेला थर्मोकोलचा खोका मागीलदारी पडला होता, तो धुतला (बांगड्याचा वास काही गेला नाही). आजीच्या घरात सगळे एलईडी, त्यांची ऊब पुरत नाही. जुन्या गोठ्यात एक पिवळा ४० वॉटचा बल्ब मिळाला. खोक्यात पेंढा, अंडी, पाण्याची वाटी, झाकणाला भोकं. अंड्यांना साधारण साडेसदतीस-अडतीस डिग्री लागतात. थर्मामीटर तापाचा डिजिटल, बत्तीसच्या खाली गेलं की तो नुसतं 'लो' दाखवतो. अंड्यांवर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलेलं कळावं. थर्ड इयरला आम्ही लॅबमध्ये कंट्रोल सिस्टिम्स करतो. इथे सेन्सर मी, कंट्रोलर मी, आणि तापमान वाढलं की झाकणाखाली काडेपेटी सरकवणारी पण मीच. दर दोन तासांनी मोबाईलचा गजर लावून उठायचे. वहीत रीडिंग लिहायचे.

तुम्हाला सांगते, त्या वहीतलं एकेक रीडिंग खरं होतं. लॅबमध्ये आपण काय करतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ग्राफ आधी, रीडिंग्ज नंतर. इथे 'मॅनेज' करण्यात अर्थच नव्हता. पण त्या वहीच्या बाहेर मी जे काही बोलत होते, ते सगळं खोटं होतं. आजी रोज दुपारी विचारायची, "उठली काय? खाल्ल्यान?" मी तांबडीची वाटी हातात घेऊन मुद्दाम खडखड वाजवायचे. दाणे उधळायचे, उरलेल्या दोघी धावत यायच्या, त्यांचा आवाज पडवीत जायचा. पिसं गोळा करून मी खताच्या खड्ड्यात पुरली होती. हे लिहिताना मला अजून कसंतरी होतं. ज्या बाईच्या डोळ्यांत मी थेंब घालत होते, तिच्या न दिसण्याचा मी फायदा घेत होते.

रविवारी रात्री एक वाजता लाइट गेली. मी गरम पाण्याच्या बाटल्या गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवल्या आणि बसून राहायचं ठरवलं. बसल्या बसल्या झोप लागली. जाग आली तेव्हा वहीत लिहिलं : 'रात्री ३.१५ – लो'. लाइट साडेतीनला आली.

सोमवार आणि मंगळवार तसेच गेले. मनीने या काळात आठवं घर शोधलं, खोक्याच्या शेजारची गोधडी. बल्बची ऊब तिला पसंत पडली. पिल्लांना घेऊन ती तिथेच पसरली. आणि आजीला दिवसेंदिवस साफ दिसायला लागलं होतं. मंगळवारी म्हणाली, माडाच्या झावळ्या मोजता येतात. मी म्हणाले, वा! आणि मनात दिवस मोजले. अजून चार.

बुधवारी सकाळी शेजारच्या काकी मागीलदारी आल्या. आमच्याच दोन कोंबड्यांनी खताचा खड्डा उकरून पिसं वर काढली होती. पुरावा नष्ट करायचा तर कोंबड्यांच्या घरात करू नये! काकींनी पिसं बघितली, खोलीत डोकावून मांजर बघितलं, आणि त्यांचा निकाल झाला. तिथूनच ओरडल्या, "ह्या मांजरीन खाल्ल्यान गे तुझी तांबडी!"

पडवीतून आजीचा आवाज आला. शांत. "मगे तिका पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून येवा."

काकी खरोखरच पोतं शोधायला लागल्या. मनी गोधडीवर पडून पिल्लांना चाटत होती. आठ दिवसांची पिल्लं, दोघांचे डोळे उघडले होते, तिसऱ्याचा एकच. घरात त्या आठवड्यात डोळे उघडण्याची साथच आली होती म्हणा ना.

मी पडवीत गेले. आधी रडले आणि मग सांगितलं. किंवा उलट असेल. काजू, दगड, लिस्ट, कोंबडा ओरडला ते, उठले नाही ते, खोका, वाटी खडखडवली ते पण. सगळं.

आजीने गॉगल काढला. नव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मांजर थोरल्या कोंबडीक हात लावणा नाय. मुंगसान नेल्यान. शनिवारी कोंबडो ओरडलो, तेव्हाच माका कळलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशीत म्हणान थांबलंय." मग थोड्या वेळाने, "डोळ्यांचा आपरेशन झाला गो माझ्या, कानांचा नाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, कोंबडी गेली त्याचं काही नाही, मुंगूस माझ्या देखत पण नेतं. पण चार दिवस तू मला आंधळी समजलीस. मी दोन वर्षं डोळ्यांनी कमी बघते, पण मला कोणी आंधळी समजलं नव्हतं.

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग आजीने काकींना हाक मारली आणि दोघींनी दोन मिनिटांत जे ठरवलं, ते ऐकून मी खालीच बसले. काकींची काळी कोंबडी आठ दिवस खुडूक बसली होती. रिकामी. तिच्याखाली ठेवायला अंडी नव्हती म्हणून काकी तिला पाण्यात बुडवून उठवायच्या विचारात होत्या. आमच्या गडग्यापासून वीस पावलांवर, आठ दिवस, एक आख्खं चालू इन्क्युबेटर रिकामं होतं. मी शनिवारी संध्याकाळी खरं बोलले असते तर अंडी त्याच रात्री तिच्याखाली गेली असती.

खुडूक कोंबडीखाली दुसऱ्याची अंडी रात्रीच ठेवायची असतात. अंधारात तिला कळत नाही, सकाळी ती आपलीच समजते. रात्री नऊला आम्ही निघालो. काकी पुढे, मधे मी (ओढणीत नऊ अंडी), मागे आजी. रात्री काळा गॉगल लावून! आजीला वाकायचं नव्हतं, म्हणून हात मलाच घालावा लागला. आजी बाजूला उभी राहून सांगत होती. एकेक. घाई नाय. उजेड नको. काळीने एकदा मनगटावर जोरात टोच मारली आणि मग गुमान सरकून, पोटाखाली जागा केली. पिसांच्या आत केवढी ऊब असते! माझा बल्ब चार दिवस ज्याची नक्कल करत होता, ते असं असतं तर.

शनिवारी, एकविसाव्या दिवशी, संध्याकाळी पहिलं अंडं फुटलं. टीचभर भोक, आतून चोच. रात्रीपर्यंत चार पिल्लं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला, गुढीपाडवा. आजीने खळ्यात गुढी उभारली (म्हणजे मी उभारली, तिने ऑर्डरी सोडल्या), आणि काळी आपल्या चार पोरांना घेऊन गडग्यापलीकडे क्लक-क्लक करत फिरत होती. अगदी माझ्या इंग्लिश रीडरमधलं चित्र. पिल्लं मात्र पिवळी नव्हती. दोन तपकिरी, एक काळं-पांढरं, आणि एक तांबूस.

उरलेली पाच फुटली नाहीत. आजीने मला ती माडाखाली नेऊन फोडायला लावली. "बघूक होया," एवढंच म्हणाली. दोन पिल्लं पूर्ण वाढलेली होती, नुसती बाहेर आली नव्हती. तीन लहानच राहिली होती, चौदा-पंधरा दिवसांच्या पिल्लाएवढी. मी वही आणून बघितलं. 'रात्री ३.१५ – लो'. रीडिंग्ज खरी असली की हा एक त्रास असतो, ती तुम्हाला सगळं सांगतात.

आम्ही ती माडाच्या मुळात पुरली. या वेळी खोल.

मनीला कोणी खाडीपलीकडे नेलं नाही. आजीच्या मनात ते नव्हतंच. पण एक पिल्लू काकींनी नेलं, म्हणाल्या, माझ्या घरात उंदीर झालेत. बहुतेक पोतं शोधल्याचं प्रायश्चित्त असावं.

परत आल्यावर क्लास टीचरनी विचारलं, "काय, आजी कशी आहे?" वर्ग हसायच्या तयारीत. मी म्हटलं, "बरी आहे सर. आता तिला सगळं दिसतं." एप्रिलमध्ये एका प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपची रीडिंग्ज साफ चुकली. पार्टनर म्हणाला, मॅनेज करू. मी सरांना सांगितलं की चुकलंय. सरांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. सगळं पहिल्यापासून करायला लावलं, साडेसहापर्यंत. ग्रुप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हा खरं बोलण्याचे फायदे या विषयावर माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर करायचं ठरलं. बाबांनी विचारलं, या वेळी कोणाला पाठवू? एखादी बाई ठेवू का? मी फोनच्या शेजारीच बसले होते. आजी म्हणाली, "बाई कशाक? तिकाच धाड. तिका आता माहिती आसा."

दर रविवारी ती फोन करते. चार पिल्लांची खबर देते. त्यातले दोन कोंबडे निघाले, आणि तांबूस होती ती तलंग आता थेट आईसारखी फिस्स करते. मेस कशी आहे, परीक्षा कधी, हे विचारून झालं की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो.

"रात्रीची खोलीची कडी लावतंस मा गो?"

"लावते, आजी."

आणि फोन ठेवायच्या आधी मी खरंच उठून बघते.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन